दोन टेबलांमधली कॅथरिन

एमिली ब्राँटीच्या 'वुदरिंग हाइट्स'च्या दहाव्या प्रकरणात एक लहानसा प्रसंग आहे. तीन वर्षे परागंदा असलेला हीथक्लिफ परत आला आहे. ज्या कॅथरिनच्या ओढीने तो आला, ती आता एडगर लिंटनची पत्नी आणि थ्रशक्रॉस ग्रेंज या बड्या घराची मालकीण आहे. पाहुण्याला दिवाणखान्यात बोलवायचे की नाही, यावर पती-पत्नींत कुरबुर होते. एडगरच्या मते त्याच्यासाठी स्वयंपाकघर योग्य. त्यावर कॅथरिन घर सांभाळणाऱ्या नेली डीनला सांगते की, इथे दोन टेबले मांड. एक धनी आणि त्यांची बहीण इझाबेला यांच्यासाठी, कारण ती खानदानी माणसे. दुसरे माझ्यासाठी आणि हीथक्लिफसाठी, कारण आम्ही खालच्या थरातले.

कॅथरिन हे चेष्टेने म्हणते. दोन टेबले मांडली जात नाहीत. सगळे एकाच टेबलाशी चहाला बसतात, बैठक दहा मिनिटेही नीट टिकत नाही आणि कॅथरिनचा कप शेवटपर्यंत रिकामाच राहतो.

या कादंबरीवर पावणेदोनशे वर्षांत जे अफाट लिहिले गेले आहे, त्यात या चेष्टेकडे फारसे थांबून पाहिले जात नाही. मला मात्र कॅथरिनच्या दुभंगलेपणाची किल्ली तिथे आहे असे वाटते. कॅथरिन दोन पुरुषांमध्ये विभागली गेली आहे, एक आवेगाचा आणि एक सुखवस्तू शांततेचा, अशी आपली समजूत असते. डेव्हिड सेसिल यांनी १९३४ साली वादळ आणि शांतता या दोन तत्त्वांच्या भाषेत या कादंबरीची मांडणी केली आणि तेव्हापासून ती समजूत पक्की झाली. पुढे १९७५ मध्ये टेरी ईगल्टन यांनी मार्क्सवादी अंगाने वर्गाचा प्रश्न मध्यभागी आणला. त्यांच्या वाचनात कॅथरिनने एडगरची निवड करणे हा आत्मद्रोह आहे. सामाजिक प्रतिष्ठेसाठी तिने आपले खरे स्वत्व मोडीत काढले. ईगल्टन यांचे ऋण मोठे आहे. पण 'आत्मद्रोह' म्हणताना आधी एक अखंड, वर्गापलीकडचे स्वत्व होते असे गृहीत धरावे लागते. कादंबरीत ते सापडत नाही. कॅथरिनची फाळणी तिच्या मनात सुरू होत नाही; ती ज्या जागी उभी आहे त्या जागेतच ती आहे. त्या जागेचे वर्णन करायचे तर प्रेमाइतकेच जमीन, वारसा आणि विवाहाचा कायदा यांच्याविषयी बोलावे लागते.

चार मैलांचे अंतर

अर्नशॉ घराणे जुने आहे. त्यांच्या दारावर १५०० हे साल आणि हेअर्टन अर्नशॉ हे नाव कोरलेले आहे. पण ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची जमीन स्वतः कसणारी. त्यांच्या घरात बाहेरून आत पाऊल टाकले की मध्ये ना सोपा ना दालन, थेट राहती खोली लागते. तिथेच चूल, तिथेच भांड्यांची मांडणी, तिथेच कुत्री आणि तिथेच नोकरही. चार मैलांवरच्या ग्रेंजला भोवती राखलेले उद्यान आहे, फाटकाशी पहारा आहे. लिंटन जमिनीवर राबत नाहीत, जमिनीचा खंड खातात. थोरले लिंटन न्यायदंडाधिकारीही आहेत. दोन्ही घरे प्रतिष्ठित. पण एकात मालक आणि गडी यांच्यामध्ये एक पायरी आहे, तर दुसऱ्यात अख्खा जिना.

या अंतराची पहिली ओळख कॅथरिनला होते ती सहाव्या प्रकरणात. ती आणि हीथक्लिफ एका रविवारी संध्याकाळी ग्रेंजपर्यंत धावत जातात आणि खिडकीतून आत डोकावतात. चिखलात बूट हरवल्याने कॅथरिन अनवाणी आहे. आत लाल गालिचा आहे, काचेच्या लोलकांचे झुंबर आहे आणि कुत्र्याच्या पिलावरून भांडून रडणारी लिंटन भावंडे आहेत. बाहेरची दोघे त्यांना हसतात. मग राखणीचा कुत्रा कॅथरिनचा घोटा पकडतो. आदल्याच दिवशी खंडाची वसुली झाल्यामुळे थोरल्या लिंटनना वाटते, चोर आले. अनवाणी मुलगी अर्नशॉंची आहे हे कळताच तिला आत नेले जाते, मोलकरीण तिचे पाय धुते, केस विंचरले जातात, मांडीवर केकची बशी येते. बरोबरच्या मुलाला बाहेर काढले जाते. दोघांचा गुन्हा एक, वेश जवळपास एक, अंगावरचा चिखलही एकच. फरक केवळ आडनावाचा. तिला आडनाव आहे, त्याला नाही.

हा मुलगा कोण असावा, याचा तर्क थोरले लिंटन तिथल्या तिथे करतात. त्यात एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. हा 'लास्कर' असेल, असे ते म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर राबणाऱ्या हिंदी खलाशांना इंग्रज लास्कर म्हणत. मूळ फारसी शब्द तोच, ज्याचे आपल्याकडे 'लष्कर' झाले. या खलाशांत आपले कोकणातले लोकही असत. हीथक्लिफ खरोखर हिंदी होता असे यावरून ठरत नाही, कादंबरी त्याचे मूळ मुद्दाम मोकळे ठेवते. तो सापडला लिव्हरपूलच्या रस्त्यावर, आणि कथेच्या काळात ते बंदर गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. एवढे मात्र स्पष्ट होते की, हीथक्लिफपाशी जे नाही ते नुसते पैशाने भरून येणारे नाही. वर्ण, नाव, कूळ या सगळ्यांचे मिळून त्याचे 'खालचे' असणे तयार होते.

अखंड बालपण होते का?

रम्य वाचनात कॅथरिन आणि हीथक्लिफ यांचे बालपण म्हणजे माळरानावरचा स्वर्ग. त्या स्वर्गाचा पाया काय होता हे पाहिले पाहिजे. हीथक्लिफ घरात आला त्या रात्री कॅथरिन त्याच्या तोंडावर थुंकली होती. नेलीने त्याला जिन्याच्या वळणावर सोडून दिले होते, सकाळपर्यंत गेला तर बरे या आशेने. निवेदनात त्याचा उल्लेख काही काळ माणसासारखा नव्हे, वस्तूसारखा होतो. म्हणजे वर्ग आणि वर्ण यांच्या बाहेरचा एकही दिवस या घराने पाहिलेला नाही.

दोघे एक झाली ती वडील वारल्यानंतर, थोरल्या भावाच्या, हिंडलीच्या जाचामुळे. हिंडलीने हीथक्लिफचे शिक्षण तोडले आणि त्याला गड्यांबरोबर शेतात राबायला लावले. कॅथरिन जे शिकायची ते त्याला शिकवायची, त्याच्याबरोबर शेतात खपायची. तिच्या रोजनिशीच्या पानांत हिंडली आणि त्याची बायको शेकोटीपाशी सुखात बसलेली दिसतात आणि ही दोघे भांड्यांच्या कपाटाखाली, आपल्या अंगरख्यांचा पडदा करून. त्यांचे ऐक्य असे एकत्र खाली ढकलले गेल्यामुळे तयार झालेले आहे. फरक इतकाच की, त्याचे खाली असणे कायमचे होते आणि तिचे तात्पुरते. तिला वर ओढून घ्यायला एक घर तयार होते.

ग्रेंजमध्ये पाच आठवडे राहून ती नाताळला परतते तेव्हा तिच्या अंगावर घोडेस्वारीचा लांब झगा आहे, टोपीला पिसे आहेत, घरात बसून बोटे पांढरी झाली आहेत. हिंडली हीथक्लिफला बोलावतो ते इतर नोकरांप्रमाणे येऊन तिला शुभेच्छा देण्यासाठी. ती धावत जाऊन त्याचे मुके घेते आणि लगेच त्याच्या मळकटपणाला हसते. मुके खरे आहेत, हसणेही खरे आहे. या क्षणापासून कॅथरिन दोन भाषांत जगू लागते.

नेलीचा शेरा

आठव्या प्रकरणात नेली म्हणते की, कोणाला फसवावे असा नेमका हेतू नसताना या मुलीने दुहेरी स्वभाव अंगीकारला होता. लिंटनांकडे ती सभ्य, कारण तिथे सगळे तिच्याशी सभ्यतेने वागत. घरी ती रांगडी, कारण तिथे सभ्यतेला कोणी विचारत नव्हते. समीक्षेत हा शेरा बहुधा कॅथरिनच्या ढोंगीपणाचा पुरावा म्हणून येतो. पण तो देणारी कोण, हेही पाहायला हवे. नेली ही हिंडलीच्या दाईची मुलगी. मालकाच्या मुलांबरोबर वाढलेली आणि तरीही नोकर. ग्रेंजच्या ग्रंथसंग्रहातली बहुतेक पुस्तके वाचलेली आणि तरीही हाताखालची. दुहेरी राहणे म्हणजे काय हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून तिच्या शेऱ्यातला 'हेतू नसताना' हा भाग मला निर्णायक वाटतो. एका घरातली रीत दुसऱ्या घरात नेली तर दोन्हीकडे आपण परके ठरू, हे कॅथरिनला पंधराव्या वर्षी कळले आहे.

हे संतुलन किती नाजूक होते, ते त्याच प्रकरणात दिसते. हीथक्लिफ भिंतीवरच्या पंचांगाच्या कागदाकडे बोट दाखवतो. त्याने त्यावर खुणा केल्या आहेत : लिंटनांबरोबर घालवलेल्या संध्याकाळींना फुल्या, त्याच्याबरोबरच्या संध्याकाळींना ठिपके. प्रेमाचा हा हिशेब गड्याच्या रोजाच्या नोंदीसारखा आहे, आणि ज्याचा सगळा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे त्यालाच तो सुचू शकतो. कॅथरिन यावर चिडते. तेवढ्यात एडगर येतो आणि दोन घरांच्या दोन रीती एका खोलीत समोरासमोर येतात. नेली खोलीतून हलत नाही. हिंडलीचा तसा हुकूम आहे. कॅथरिन एडगरची पाठ आहे असे पाहून नेलीला चिमटा काढते आणि मग नाकबूल करते. नेली दंडावरचा जांभळा डाग दाखवते, तेव्हा कॅथरिन तिला थोबाडीत मारते. रडणाऱ्या लहानग्या हेअर्टनला गदागदा हलवते आणि मध्ये पडलेल्या एडगरच्याही कानशिलात लगावते. चिमटा काढणारी अर्नशॉंच्या घरातली मुलगी आहे आणि तो लपवणारी लिंटनांकडे घडलेली तरुणी. दोघी एकाच वेळी उघड्या पडतात. त्याच दिवशी एडगर आणि ती एकमेकांपाशी प्रेमाची कबुली देतात, हा लेखिकेचा कठोर विनोद आहे.

नवऱ्याच्या पैशाने?

आता नवव्या प्रकरणातला तो प्रसिद्ध कबुलीजबाब. एडगर का आवडतो, या नेलीच्या प्रश्नाला कॅथरिन कारणे देते : तो देखणा आहे, तरुण आहे, आनंदी आहे, तिच्यावर प्रेम करतो आणि श्रीमंत होणार आहे. हिंडलीने हीथक्लिफला इतके खाली आणले नसते तर एडगरचा विचारही मनात आला नसता, पण आता त्याच्याशी लग्न केले तर आपली पत जाईल, असे ती म्हणते. बाकाआड बसलेला हीथक्लिफ एवढेच ऐकतो आणि निघून जातो. आपण दोघे वेगळे नाहीच, एकच आहोत, हे तिचे पुढचे बोलणे त्याच्या कानी पडत नाही.

वाचकांच्या आणि चित्रपटांच्या स्मरणात हे पुढचे बोलणेच राहिले आहे. त्याच्या थोडे आधी ती एक व्यवहाराची गोष्ट सांगते, ती मात्र मागे पडते. हीथक्लिफशी लग्न केले तर आम्ही दोघे भिकारी होऊ. एडगरशी केले तर हीथक्लिफला वर यायला, माझ्या भावाच्या तावडीतून सुटायला मी मदत करू शकेन. नेली लगेच विचारते : नवऱ्याच्या पैशाने? आणि वर सांगते की, आत्तापर्यंत दिलेल्या कारणांत हे सर्वांत वाईट.

कॅथरिनची ही योजना आत्मवंचना आहे, असे म्हणून समीक्षक पुढे जातात. मला ती योजना खरी वाटते, आणि तिचे अपयश मनापेक्षा कायद्यात शोधावेसे वाटते. विल्यम ब्लॅकस्टन यांच्या इंग्लंडच्या कायद्यावरील भाष्यग्रंथाचा पहिला खंड १७६५ साली आला. सी. पी. सँगर या बॅरिस्टरने १९२६ मध्ये या कादंबरीचा कालक्रम आणि वारसा-व्यवहार बारकाईने मांडून दाखवला. त्याच्या हिशेबाने कॅथरिनचे जन्मसालही १७६५ ठरते. ब्लॅकस्टन यांनी त्या खंडात नोंदवलेला सिद्धांत असा की, विवाहानंतर पती-पत्नी कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होत आणि पत्नीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते. तिची रोकड, दागिने, जंगम मालमत्ता पतीची. स्थावरावरचा ताबा आणि उत्पन्नही विवाह टिकेतो पतीचे. हे चित्र १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदलले, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर कित्येक वर्षांनी. शिवाय कॅथरिनच्या नावावर काही होते असा कादंबरीत कुठेही उल्लेख नाही. वडिलोपार्जित सर्व हिंडलीकडे गेले आहे.

हे लक्षात घेतले की तिच्या 'आम्ही एकच आहोत' या उद्गाराला दुसरी बाजू दिसते. कायद्यालाही एक ऐक्य मान्य आहे, पण ते तिचे आणि एडगरचे. ज्याच्याशी ती स्वतःला एक मानते त्याच्याशी एक होण्याला कायद्यात अर्थ नाही, आणि ज्याच्याशी कायदा तिला एक करतो त्याच्यात ती नाहीशी होते. तिची फाळणी या दोन ऐक्यांच्या मध्ये आहे. यात तिला दोषमुक्त करण्याचा माझा हेतू नाही. ती अहंकारी आहे, क्रूर होऊ शकते, दोन्ही पुरुषांनी आपल्याला हवे तसे वागावे अशी तिची अपेक्षा आहे. पण तिच्यापुढे असलेला पर्याय 'प्रेम की पैसा' एवढा स्वच्छ नव्हता. पैशाशिवाय ते प्रेम हिंडलीच्या गोठ्यात अडकलेले होते आणि पैसा मिळवण्याचा तिला उपलब्ध असलेला एकच मार्ग म्हणजे लग्न.

एमिली ब्राँटीला हे व्यवहार कळत होते का? वडील आयर्लंडमधल्या गरीब शेतकरी घरातून शिष्यवृत्तीच्या आधाराने केंब्रिजला गेलेले. हॉवर्थमधले राहते घर त्यांच्या धर्मोपदेशकाच्या पदाशी बांधलेले. म्हणजे सुशिक्षित, प्रतिष्ठित आणि बिनमालमत्तेचे कुटुंब. मावशीच्या मृत्यूनंतर १८४२ मध्ये बहिणींना थोडा वारसा मिळाला, तो रेल्वेच्या समभागांत गुंतवला आणि त्या गुंतवणुकीची देखरेख एमिली करत असे. अविवाहित असल्यामुळे तो पैसा त्यांचाच राहिला. शार्लटने १८५४ मध्ये लग्न केले ते आधी करार करून आणि आपला पैसा विश्वस्ताकडे ठेवूनच. ज्या घरात ही जाण होती, त्या घरातून आलेल्या पुस्तकात नेलीचा तो प्रश्न सहज आलेला नसावा.

योजना फळाला येते

कादंबरीचा उत्तरार्ध अनेकांना अनावश्यक वाटतो. विल्यम वायलर यांच्या १९३९ च्या चित्रपटाने तो गाळूनच टाकला. पण माझ्या मते कॅथरिनच्या योजनेचा निकाल उत्तरार्धातच लागतो. लिंटनांचा पैसा हीथक्लिफपर्यंत पोचावा, अशी तिची इच्छा होती. एकवीस वर्षांनी तो पोचतो, आणि तिने सांगितलेल्याच रस्त्याने, म्हणजे लग्नाच्या. फक्त लग्न तिच्या मुलीचे असते.

हिंडलीला जुगाराच्या नादात कर्ज देऊन हीथक्लिफने अर्नशॉंची सगळी जमीन गहाणात घेतलेली असते. मग तो धाकट्या कॅथीला कोंडून ठेवतो आणि आपल्या मरणपंथाला लागलेल्या मुलाशी तिचे लग्न लावतो. लग्नाबरोबर तिची जंगम मालमत्ता त्या मुलाची होते आणि मृत्युपत्राने त्याच्याकडून बापाची. जमिनीबाबत मुलगा अज्ञान असल्याने मृत्युपत्र चालत नाही, पण आपल्या बायकोच्या आणि मुलाच्या हक्काने हीथक्लिफ तीही धरून बसतो. एडगरला धोका कळला होता. मुलीचा पैसा विश्वस्तांकडे सोपवावा म्हणून त्याने मरताना वकिलाला बोलावणे पाठवले. वकील आधीच विकला गेला होता, तो वेळेवर आलाच नाही. ज्या कायद्याने आईला रिकाम्या हाती ठेवले, त्याच कायद्याने मुलीला लुबाडले. पहिल्या वेळी हीथक्लिफ त्याचा बळी होता, दुसऱ्या वेळी तो कायदा त्याचे हत्यार आहे. कॅथरिनने प्रेमापोटी जे मागितले ते जगाने दिले, पण सूड म्हणून.

अखेरीस धाकटी कॅथी हेअर्टनला वाचायला शिकवते आणि दोघांचे लग्न ठरते. याला सलोखा म्हणतात, आणि तो आहेही. पण ही दोघे राहायला जाणार ग्रेंजमध्ये. हाइट्सचे घर बंद होणार. म्हातारा गडी जोसेफ स्वयंपाकघरापुरता उरणार. दोन घरे एक होतात ती वरच्या घराच्या अटींवर.

आरसा आणि कुंपण

मृत्यूपूर्वीच्या भ्रमात कॅथरिन आरशातला चेहरा ओळखत नाही. आपण बारा वर्षांच्या आहोत, हाइट्समधल्या आपल्या पलंगावर आहोत, मधली सात वर्षे झालीच नाहीत, असे तिला वाटते. एका फटक्यात आपल्याला घरातून उपटून परक्याची बायको, ग्रेंजची मालकीण करून टाकले, असे ती म्हणते. बारा वर्षे हे वय लेखिकेने नेमके निवडले आहे. तेच वय, ज्या वयात कुत्र्याने घोटा धरला आणि कोणीतरी तिचे पाय धुतले. तिला परत जायचे आहे ते हीथक्लिफकडे आणि त्याहूनही अधिक त्या खिडकीच्या बाहेर, जिथे अजून निवड करावी लागलेली नाही.

तिला पुरले जाते तेव्हा गावकऱ्यांना आश्चर्य वाटते. लिंटनांच्या कोरीव स्मारकाखाली, चर्चच्या आत तिला जागा नाही आणि बाहेर अर्नशॉंच्या थडग्यांजवळही नाही. स्मशानाच्या कोपऱ्यातल्या हिरव्या उतारावर, जिथे कुंपणाची भिंत इतकी बुटकी आहे की माळावरची झुडपे ती ओलांडून आत आली आहेत, तिथे तिला ठेवतात. दोन्ही कुळांच्या रांगांबाहेरची ही जागा एडगरने निवडलेली नसती तर कोणी निवडली असती, हे मला सांगता येणार नाही. पण कादंबरीत तिला स्वतःची म्हणावी अशी जमीन मिळते ती एवढीच.